राजाची तेरवी

ता. ३ जानेवारी

दादा,

तू फोन आपटला म्हणून भांडण मिटलं असं समजू नको. नोव्हेंबरात मी आईच्या डोळ्यासाठी पैसे धाडले, आता जानेवारी लागला. नागपूरच्या डॉक्टरनं तुह्यासमोर सांगितलं होतं ना का काचबिंदू हाय, उजवा गेला तो गेला, डावा वाचवाचा असन तर लवकर करा? आन् तू मले उलटा विचारतो का वरचा खर्च कोण भरन. पहिले तिले घेऊन तर जाय. खर्चाचं मंग बोलू.

फोनवर तू ओरडतो, मी ओरडतो, मधात आई रडते. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो धाडून राहिलो. शाळा सातवीपर्यंतच झाली, अक्षर मुंगळ्यासारखं हाय, तरी वाचजो. तू बी असंच लिहून धाड. कागदावर शिवी देताना माणूस जरासा थांबते.

दुसरी गोष्ट. आईले आवर. ती पवनीच्या बाजारापर्यंत सांगत फिरते का माहा भुपेन परदेशच्या राजाच्या रसोईत हाय. दादा, मी कंपनीत हावो. कंपनी जेवण पुरवते. दवाखान्यात, सडकेच्या मजुरायले, कधीमधी राजाच्या वाड्यावर. मी एकडाव गाडीसंग वाड्याच्या मागच्या फाटकापर्यंत गेलो, तिथं फोटो काढला आन् तुमाले धाडला. बाकीचं सारं आईनं आपल्या मनानं शिजवलं. मी मना केलं नाही, हे खरं. पण तू तरी कुठं केलं? मच्छीमार संस्थेच्या मीटिंगीत पहिले तू दरवाज्यात उभा राहत होता. त्या फोटोनंतर संस्थेच्या अध्यक्षानं, डोमानं, तुले खुर्ची देली, हे नीतूवहिनीनंच मले सांगितलं.

इकडची खबर म्हणजे तो राजा काल मेला. दुकानं बंद, हापिसं बंद, टीव्हीवर एकच काळा पडदा. आमाले सुट्टी नाही. दुसऱ्या देशाचे लोक दुखवट्याले येतीन, त्यायले कॉफी लागन, त्या कॉफीचे पेले कोणी तरी धुवाले लागन.

डोळ्याची तारीख घे आन् कळव.

भुपेंद्र


ता. ५ जानेवारी

भुपेन,

तारखेचं तू मले सांगू नको. पैसे आईच्या पेटीत हायत आन् पेटीची चाबी तिच्या कमरेले. मी मांगतले तर म्हणते, "तुह्या हातात देले का मंग मासोळीच्या जाळ्यात जातीन." दोनदा नागपूरले चाल म्हटलं. एकदा धानाची मळणी होती, एकदा तिचं पोट दुखत होतं. खरं म्हणजे भेते. बाई ऑपरेशनले भेते आन् नाव माह्यावर येते.

आता जे झालं ते ऐक. काल ती नीतूसंग पवनीले राशनच्या अंगठ्यासाठी गेली होती. तहसीलीवर झेंडा अर्ध्यावर होता. एका डोळ्यानं जे धुरकट दिसते त्यात तिले बरोबर हेच दिसलं. शिपायाले विचारलं. तो म्हणाला, "परदेशचा राजा मेला बाई, दिल्लीचा हुकूम हाय, एक दिवस दुखवटा." देशाचं नाव सांगतलं. आई तिथंच पायरीवर बसली.

घरी आली तवापासून भाजीले फोडणी नाही, हळद नाही, एक टाइम जेवते, खाली झोपते. म्हणते, "आपल्या आज्याच्या बापानं मालगुजाराची पालखी वाहिली. मालगुजार मेला तवा आपल्या ढिवराच्या घरी सुतक पाळलं, आन् तेरवी बी घातली. ज्याचं मीठ खाल्लं त्याले असं उघडं सोडत नाहीत. सरकारनं त्याचं मीठ नाही खाल्लं तरी एक दिवस पाळला. आपण तर खाल्लं." मी म्हटलं, आई, तो राजा मुसलमान, त्यायच्यात तेरवी राहत नाही. तर म्हणते, "त्याच्यात नसन. आपल्यात हाय."

डोमाले हे समजलं आन् त्याले सण झाला. सांजी पाच-सहा जण घेऊन आला, डोक्यावर दुपट्टा टाकून आंगणात बसला. "ललिताबाई, धीर धरा. वय काय होतं राजाचं?" आई म्हणते, "पिकलं पान होतं बाप्पा. पण मनाचा मोठा. माह्या पोराले पोटच्यासारखं ठेवलं." डोमानं दुपट्ट्यात तोंड खुपसलं. आईले वाटलं रडते. मले त्याचे खांदे दिसत होते. त्याच्या बायकोनं सुतकाच्या घरी नेतात तसा कडू घास बी आणला, वरून कडूनिंबाचा पाला ठेवून. आईनं तो डोळे मिटून खाल्ला.

आज तर कळसच केला. ग्रामसभेत शोकठराव मांडला. "गावचे सुपुत्र भुपेंद्र यांचे मालक" असं लिहून, शिक्का मारून, दोन मिनिटं सारे उभे राहिले. मांगच्या पोट्ट्यायले हासू आवरत नव्हतं. ठरावाचा फोटो यासंग हाय. आईचं म्हणणं का तू तो वाड्यावर नेऊन द्यावा.

चौदा तारखेले तेरवी. सारं गाव. पैसे कोणते, ते तुले सांगाले नको.

भुपेन, माहं ती ऐकत नाही. म्हणते तुले लहान भावाचा दुस्वास हाय. तुह्या हातचं पाहिजे. दोन ओळी लिही का आई, मी वाड्यावर नाही, मी भांडे घासतो. तेरवी थांबन, डोळा वाचन. यवढंच कर.

हेमराज


ता. ८ जानेवारी

दादा,

दोन कागदाचे दोन फोटो धाडतो. पहिला कागद आईले मोठ्यानं वाचून दाखव, आजच. दुसरा तुह्यासाठी हाय. वाचला का फोनातून मिटव.

पहिला कागद

आई, पाया पडतो. गावाचा ठराव मी स्वतः वाड्यावर नेला. राजाच्या मोठ्या पोरानं हातात घेतला आन् डोळ्याले लावला. म्हणाला, इतक्या देशाचे कागद आले, पण मीठ खाल्लेल्याच्या घरचा हा एकच. तुही तब्येत विचारली. मी डोळ्याचं सांगतलं. तर म्हणाला, आमच्या बापाच्या नावानं जेवण घालू नका, आमच्या धर्मात ते चालत नाही, त्याच्या जिवाले त्रास होईन. त्याच पैशानं आईचा डोळा करा, तेच आमाले पोचन. आई, हा त्यायचा शब्द हाय, मोडू नको. बारा तारखेले दादासंग नागपूरले जाय. तुहा भुपेन.

दुसरा कागद

दादा, वर जे लिहिलं त्यातलं एक बी अक्षर खरं नाही. पण तिले थांबवाले हेच कामात येईन. माह्या म्हटल्यानं नाही थांबणार, राजाच्या म्हटल्यानं थांबन.

आता खरं ऐक. वाड्याच्या बाहेर दुखवट्याचा तंबू टाकला हाय, आपल्या बोडीचं अख्खं पाणी झाकून जाईन यवढा. मांगच्या बाजूले मोरी. मी मोरीत बसतो. सकाळपासून पाणी, साबण आन् बोटायची कातडी. कॉफीचे पेले बिनकानाचे, बाळाच्या मुठीयवढे. या देशाचा प्रधान, त्या देशाचा राजा, एक उठला का दुसरा. पडदा जरासा उचललेला राहते, त्यातून मले नुसते जोडे दिसतात. एक साहेब पडद्याजवळ उभा राहून मोबाईलवर हासत होता. नाव पुकारलं तसं त्यानं मोबाईल खिशात टाकला आन् तोंड उतरवलं. इतकं बरोबर उतरवलं का मले वाटलं याच्याच घरचं कोणी मेलं.

आपल्या देशाचे बी मंत्री आले. काळे जोडे, साधे. मी सुपरवायझरले म्हटलं, तो पेला मले दाखवजा. तो म्हणाला, "क्या करेगा, प्रसाद खाएगा?" पेला आला तो भरलेलाच. ओठाले लावून ठेवला असन. मी सांडला आन् बाकीच्यात टाकला. मंग कोणता कोणाचा, समजलं नाही.

तू धाडलेला ठराव मी सुपरवायझरले दाखवला. म्हटलं, कोणाच्या हातून वाड्यावर जाईन का. त्यानं आमच्यासंग कामावर असलेल्या नागपूरच्या पोट्ट्याकडून त्याचा अर्थ करून घेतला, आन् माहा फोन सगळ्या किचनात फिरवला. तवापासून मले "राजदूत साहेब" म्हणतात. राजदूत साहेब, पेले धुतले का. राजदूत साहेब, संडास तुंबला. वाड्याच्या आत मी एकदा बी गेलो नाही. आमाले तिथलं पाणी बी नाही, आपली बाटली घेऊन या म्हणतात.

तू म्हणशीन, मंग आईले खरं काहून नाही सांगत. दादा, मी तिच्यासाठी खोटं नाही बोलत, माह्यासाठी बोलतो. गावात मी कोण होतो? संस्थेच्या तलावातून चार मासोळ्या काढल्या म्हणून डोमानं ज्याले बाभळीले बांधलं, तो पोट्टा. आता तोच डोमा आईले विचारते, राजाचं वय काय. हासून का होईना, विचारते. तेवढं मले राहू दे.

भुपेंद्र


ता. १६ जानेवारी

भुपेन,

तेरवी झाली. तुहा पहिला कागद मी वाचला नाही.

कारण ऐकून घे. आणखी एक खोटं तिच्या पदरात टाकाचं, आन् ते माह्या तोंडानं? आज राजाच्या पोरानं डोळा कर म्हटलं. उद्या म्हणन पोरीचं लगन लावा, परवा म्हणन घर बांधा. मी जन्मभर तुह्या राजाचा निरोप्या होऊ? तुले चार डाव फोन केला का खरं लिही म्हणून. तू उचलला नाही.

तेरवीच्या दिवशी शाळेच्या आंगणात पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. सारं गाव आलं, पलीकडच्या टोलीवरचे बी आले. आईनं राजाचा फोटो पेपरातून कापून पाटावर ठेवला होता, त्याले हार घातला होता. नीतू वाढत होती. आई बादली घेऊन स्वतः फिरत होती, पत्रावळी दिसत नव्हती तर पायानं चाचपून. कोणाच्या मांडीवर भात पडत होता. पोट्टे मुद्दाम पत्रावळी सरकवत होते.

डोमा पहिल्या रांगेत होता. मोठ्यानं म्हणाला, "हेमराजभाऊ, इतकं सारं केलं आपण. राजवाड्यातून काही निरोप?" आई थांबली. म्हणाली, "कागद आला म्हणत होती नीतू. वाच ना रे, सारे हायत."

मी फोन काढला आन् दुसरा कागद वाचला. मोरीपासून बाभळीपर्यंत. चुकून नाही. मुद्दाम वाचला.

पहिले लोकायले समजलं नाही. राजदूत साहेब आलं तवा हासले. संडास आला तवा घास तोंडात धरून हासले. बाभळीचं आलं तवा डोमा हासाचा थांबला, बाकीचे हासतच होते.

आईच्या हातात बादली होती. मले वाटलं खाली पडन, नाही पडली. तिनं विचारलं, "झालं वाचून?" मी म्हटलं, झालं. मंग ती पंगतीकडे वळली आन् जसं रोज बोलते तसंच बोलली. "माहा एक पोरगा राजाच्या घरी होता. तो गेला. ही त्याचीच तेरवी समजा. जेवा बाप्पा, उठू नका, मेलेल्याचं अन्न टाकू नये. नीतू, भात आण वो, थंडा होऊन राहिला."

भुपेन, एक बी माणूस उठला नाही. सारे जेवले. बुंदी पुरली नाही.

राजाचा फोटो तिनं सांजी पाटावरून काढला. हार तसाच पाटावर राहू देला, त्यापुढं दिवा लावला. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

तुले माहा राग येईन. येऊ दे. तुह्या फोटोनं मले खुर्ची भेटली म्हणतो. त्या खुर्चीवर बसून लोकायच्या नजरेतलं हासू तू पाहिलं नाही, मी पाहिलं.

हेमराज


ता. १८ जानेवारी

दादा,

मी मेलो, बरं झालं. मेलेल्याले वेळच वेळ राहते.

एकच विचारतो. कागद तुह्याकडं आठ तारखेले आला. तू तो आठलेच वाचला असता तर बाराले आई नागपूरच्या खाटेवर असती आन् पैसे डॉक्टरच्या हाती असते. खोटं होतं, पण त्यात डोळा होता. तू खरं वाचलं. त्यात काय होतं? बुंदी होती.

खरं बोलाचंच होतं तर आंगणात, तिच्या एकटीजवळ बसून बोलता येत होतं. तुले खरं नव्हतं सांगाचं. तुले पंगत पाहिजे होती.

मी तुले शिव्या लिहिल्या होत्या, तो कागद फाडला.

आई काय म्हणते ते कळव. तिले फोन लावला तर नीतूवहिनी म्हणते, "आत्या झोपल्या." दिवसा तीन वाजता.

भुपेंद्र


ता. ४ फेब्रुवारी

भुपेन,

तू लिहिलं ते मी खूप डाव वाचलं.

डाव्या डोळ्यानं आता तिले दारातला उजेड कळते, माणूस कळत नाही. नीतूनं हट्टानं नागपूरले नेलं. डॉक्टर रागावला. म्हणाला, गेलेलं परत येत नाही, जे दाराच्या फटीयवढं राहिलं ते राखाचं असन तर या महिन्यात करा, नाही तर अंधार.

पेटीत आता एकसष्ट रुपये हायत. मी कर्ज काढतो म्हटलं. आई म्हणाली, "तुहा पैसा नको. ज्या तोंडानं भावाचे धिंडवडे काढले त्या तोंडचा घास मी खात नाही." ती आता वेगळी चूल मांडते. आंधळी बाई चूल पेटवते, हात भाजून घेते, पण माह्या घरचं पाणी घेत नाही. नीतूच्या हातचं घेते, तेही मी घरी नसताना.

तुहं नाव काढलं तर म्हणते, "मेलेला पोरगा पैसे धाडत नाही." रागानं नाही म्हणत. दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगते तशी म्हणते.

डोमा येऊन गेला. त्याले काय झालं कोण जाणे, तेरवीपासून मान वर करत नाही. म्हणाला, मी देतो. आईनं त्याले बी हाकललं. पण एक बोलली, ते तुले सांगतो. "तुहे नको. संस्थेचे राहतीन तर घेईन. माह्या नवऱ्यानं तीस वर्सं वर्गणी भरली, तो माहा हक हाय." संस्थेच्या खात्यात काय हाय ते डोमाले बी माहीत, मले बी माहीत. यंदा तलावात मासोळीचं बीज टाकाले पैसे नव्हते.

यापुढं काय कराचं ते तू सांग. मले हुकूम दे, मी ऐकतो.

हेमराज


ता. १२ फेब्रुवारी

दादा,

परवा राजाचा चाळीसावा दिवस झाला. तंबू उतरवला. ज्या मजुरायनं त्यात काम केलं त्यायले नव्या राजाकडून मेलेल्याच्या नावानं एकेक पाकीट भेटलं. एक माणूस वाड्यातून आला होता, रांगेत उभं करून त्यानं हातात देलं, नाव विचारलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "लो राजदूत साहेब, आपकी सरकार से." पहिल्यांदा तो खोटं नव्हता बोलत.

तर हा खरंच राजाच्या घरचा पैसा हाय. हे आईले सांगू नको. गावात कोणाले सांगू नको. कोणी इस्वास ठेवणार नाही, आन् ठेवलं तर आणखी एक तेरवी होईन.

पैसे तुह्या खात्यावर टाकत नाही. डोमाच्या खात्यावर टाकून राहिलो. नंबर मी त्याच्याकडूनच घेतला. त्याले फोन लावला. तो म्हणाला, "कसा हायस रे?" मी म्हटलं, मेलो ना मी, तूच तर जेवून गेला. मंग त्यानं नंबर सांगतला.

त्यानं ते संस्थेतर्फे म्हणून आईले द्यावे. पावती फाडावी, बाबाचं नाव टाकून. ग्रामपंचायतीत बोलावून, शाल देऊन, हारतुरे करून देत असन तर करू दे. फोटो काढाचा असन तर काढू दे. आई त्याले आशीर्वाद देईन. तो घेऊ दे. तू तिथं असशीन तर टाळ्या वाजवजो.

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर मले सांगू नको.

तुले हुकूम पाहिजे होता. हा घे. तुले जे सारं मोठ्यानं वाचाचं होतं ते तू वाचलं. आता या एका गोष्टीवर जन्मभर गप्प राहा. आई मरेपर्यंत, आन् मंग बी. ऑपरेशन झालं तर नीतूवहिनीले सांग, फोनवर मले फक्त उजेड हाय का नाही तेवढं सांगाचं. आई कशी हाय, काय म्हणते, ते नको. मेलेल्याले इतकं कायले लागते.

मी ही कंपनी सोडतो. एका जहाजावर काम भेटन म्हणतात. पत्ता कळवणार नाही. पुढचे पैसे बी डोमाच्याच नावानं येतीन, आले तर.

सध्या जे पाकिटात होतं ते, आन् माह्या पगारातलं मिळून, डोमाच्या खात्यावर टाकले, रुपये एकतीस हजार आठशे.